खुद्रीचं पाणी

जानेवारीत मुळशीच्या तलावावर धुकं उतरतं, ताम्हिणीकडून येणारा वारा कानाला झोंबतो आणि काठावर गळ घेऊन बसलेल्या हौशी माणसाच्या मनात काश्मीर डोकावतं. इथंही काश्मीरसारखा ट्राउट मासा सोडला तर? पाण्यावर पिसांची माशी फेकून मासा पकडायची ती देखणी विद्या पुण्यापासून तासा-दीड तासावर मिळाली तर?

ती इच्छा पाण्याच्या तापमानापाशीच अडते. ट्राउटला १० ते १६ अंश सेल्सिअस पाणी मानवतं. २० च्या पुढं त्याचा जीव कासावीस होतो, २५ च्या आसपास तो तगत नाही. मुळशीची पहाट कितीही बोचरी असली तरी एवढा मोठा तलाव हवेइतका गार होत नाही, आणि एप्रिल-मे तर पुढं उभेच असतात. दक्षिणेत ट्राउट रुजला तो निलगिरी आणि मुन्नारच्या उंच डोंगरांत, साधारण दोन हजार मीटरच्या आसपास. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, त्याची उंची १६४६ मीटर. मुळशी जेमतेम सहाशे मीटरवर.

तरीही ट्राउटची गोष्ट इथं सांगायला हवी, कारण आपल्या माशाची गोष्ट तिच्याच वाटेनं गेली. घरच्या नद्यांची आठवण काढणाऱ्या इंग्रजांनी ट्राउटची अंडी ओल्या शेवाळात, बर्फाच्या गारव्यात ठेवून बोटीनं हिंदुस्थानात आणली. फ्रान्सिस डे यांनी १८६० च्या दशकात निलगिरीत केलेले प्रयत्न फसले. काश्मीरला निघालेली १८९९ ची खेप वाटेतच नासली, १९०० ची तगली. एका देशाचा मासा दुसऱ्या देशाच्या ओढ्यात नांदू शकतो, हे सिद्ध झालं. तिथं आधीपासून कोण राहत होतं, हा प्रश्न फारसा कोणी विचारला नाही.

मुळशीच्या मुळा नदीत कोण राहत होतं, याची नोंद मात्र आपल्याकडे आहे, आणि ती अभिमानानं सांगण्यासारखी आहे. मुंबई सरकारसाठी दख्खनची सांख्यिकी पाहणी करणारे विल्यम हेन्री साइक्स यांनी इथल्या माशांचं शास्त्रीय वर्णन केलं आणि १८३९ मध्ये ते छापून आलं. त्यात पुण्याच्या पूर्वेला मुळा-मुठेत मिळालेला एक मोठ्या खवल्यांचा मासा होता. साइक्स यांनी त्याला इथल्याच बोलीतलं नाव दिलं, खुद्री. आज शास्त्र त्याला टॉर खुद्री म्हणतं, लोक दख्खनी महसीर किंवा निळ्या पराचा महसीर म्हणतात. जगाच्या मत्स्यशास्त्रात या माशाचा पहिला पत्ता पुण्याच्या नदीचा आहे.

हा मासा माशी-गळालाही येतो. या प्रकारात गळाला गांडूळ किंवा कणकेची गोळी नसते. पिसं, केस आणि दोरा गुंडाळून केलेला नकली किडा असतो. तो इतका हलका की स्वतःच्या वजनानं लांब जात नाही, म्हणून वजन दोरीला देतात आणि दोरीच फेकतात. किडा तिच्यामागून जातो. खुद्री सर्वभक्षी. पाण्यातले किडे, शिंपल्या, लहान मासे, काठावरच्या झाडांची गळलेली फळं, सगळं तिला चालतं. घशातल्या दातांनी ती शिंपल्याचं कवचही फोडते. थंडीत तिची भूक मंदावते, ती खोल डोह धरून राहते. म्हणून हिवाळ्यात नकली किडा खोल बुडवून अगदी सावकाश ओढावा लागतो. ज्याला घाई, त्याला थंडीत खुद्री नाही.

मुळशीचा तलाव स्वतःच एका मोठ्या दुःखावर उभा आहे. १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापट आणि मावळातल्या शेतकऱ्यांनी टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह केला. धरण झालं, गावं पाण्याखाली गेली, आणि १९२७ पासून मुळेचं पाणी बोगद्यानं घाट उतरून भिऱ्याच्या वीजघरात पडू लागलं. पूर्वेला जाणारी नदी पश्चिमेला वळवली. माणसांच्या विस्थापनावर पुस्तकं निघाली, निघायलाच हवीत. नदीतल्या जिवांचं काय झालं, याची चौकशी फार उशिरा झाली.

ती केली डॉ. सी. व्ही. कुलकर्णी यांनी. राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्याचे ते संचालक होते. १९७० च्या सुमारास लोणावळ्याला टाटांच्या वळवण तलावाशी त्यांनी खुद्रीच्या विणीचा अभ्यास केला, आणि पुढं एस. एन. ओगले यांच्यासोबत कृत्रिम प्रजननाचं काम उभं केलं. पावसाळ्यात ओढे वाहू लागले की खुद्री अंडी घालते. पकडलेल्या मादीची अंडी हातानं काढायची, नराचं वीर्य त्यात मिसळायचं आणि वाहत्या पाण्याच्या तबकांत ती ठेवायची. तीन-चार दिवसांत पिल्लं बाहेर येतात. अंडी ओल्या कापसात ठेवून विमानानं दूरवर पाठवता येतात, हेही या दोघांनी दाखवलं. शेवाळाची जागा कापसानं घेतली आणि बोटीची विमानानं.

वळवणचं काम मोठं आहे, त्याबद्दल मला मनापासून आदर आहे. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाच्या यादीत ‘संकटग्रस्त’ असलेली खुद्री आता ‘किमान चिंता’च्या रकान्यात आली आहे. पण वळवणची पिल्लं देशभर वाटली गेली, तशी कावेरीतही सोडली गेली, आणि कावेरीचा स्वतःचा महसीर होता. कुबडासारखी पाठ असलेला तो महाकाय मासा. १९४६ मध्ये म्हैसूरच्या व्हॅन इंगेन यांनी कबिनी नदीत पकडलेला महसीर १२० पौंडांचा भरला होता. गळवाल्यांच्या छावण्यांतल्या १९९८ ते २०१२ च्या नोंदी संशोधकांनी तपासल्या, तेव्हा निळ्या पराचा पाहुणा वाढत गेलेला आणि कुबड्या महसीर जवळजवळ नाहीसा झालेला दिसला. तो टॉर रेमादेवी आहे, हे २०१८ मध्ये निश्चित झालं. ते निश्चित करणाऱ्या संशोधकांत पुण्याचे नीलेश डहाणूकरही होते. आज तो मासा ‘अतिसंकटग्रस्त’ आहे. त्याच्या ऱ्हासाला वाळूउपसा, सुरुंग लावून केलेली मासेमारी अशी इतर कारणंही आहेत. तरी पुण्याच्या नदीचा मासा कावेरीत परका होता, आणि परक्यानं घर व्यापलं, हे मान्य करायला हवं. ज्यांनी पिल्लं सोडली त्यांचा हेतू चांगला होता. नदीला हेतू कळत नाही.

मासा वाचवण्याची दुसरी रीतही महाराष्ट्रात आहे. महाडजवळ वाळण कोंडीला काळ नदीच्या डोहात महसीर निर्धास्त फिरतात, कारण तो डोह वरदायिनी देवीचा आणि तिथं गळ टाकायचा नाही, असं गावानंच ठरवलेलं आहे. तिथं पिल्लं विमानानं आणावी लागली नाहीत. डोह राखला, मासा राहिला. दुसरीकडे देहू-आळंदीच्या इंद्रायणीत देवाचे म्हणून राखलेले मासे सांडपाण्यानं मेल्याच्या बातम्या आपण वाचतो. नुसती श्रद्धा पुरत नाही, पाणीही राखावं लागतं.

म्हणून मुळशीत ट्राउटचं स्वप्न नको, आणि कुठल्या दुकानातून आणलेला दुसरा परका मासाही नको. पुण्याच्या नद्यांत तिलापिया आणि आफ्रिकी मांगूर यांनी आधीच पुरेसा धुमाकूळ घातला आहे. ज्याला माशी-गळाची हौस आहे त्यानं परवानगी काढावी, बिनकाट्याचा गळ वापरावा, खुद्री हाती आली तर हात ओले करून तिला धरावं आणि लगेच पाण्यात सोडावं. आणि मुळशीच्या गावांना एक विनंती आहे. पहिल्या पावसात चढणीचे मासे धरण्याची चाल जुनी आहे, पण जून ते सप्टेंबर तलावाला मिळणाऱ्या ओढ्यांच्या तोंडाशी जाळी लावू नका. अंड्यांनी भरलेली मादी त्याच वाटेनं वर जाते. तेवढी वाट मोकळी ठेवा.