नाव लागले पाहिजे

मंडळी, गावात भावाभावांच्या वाटण्या झाल्या की चार दिवसांनी पारावर एकच प्रश्न विचारला जातो : "सातबाऱ्याला नाव लागलं का?" जमीन कोण कसतो, नांगर कोणाच्या हाती आहे, हे सारे गाव डोळ्यांनी पाहत असते. तरीही प्रश्न विचारतात तो नावाचा. कारण सरकारदरबारी डोळ्यांची साक्ष चालत नाही, कागदाची चालते. आज तुमच्याशी बोलायचे आहे ते या नावाबद्दलच. पण जमिनीच्या नावाबद्दल नव्हे, कामाच्या नावाबद्दल. ज्याच्याजवळ जमीन नाही, त्याचे नाव कुठे लागायचे?

नवी मुंबईची गोष्ट घ्या. आज तिथे उंच इमारती आहेत, रेल्वे आहे, आणि 8 ऑक्टोबर 2025 ला उद्घाटन झालेला विमानतळही आहे. साठ वर्षांपूर्वी तिथे काय होते? भाताची खाचरे होती, खाजणे होती, मिठागरे होती, खाडीत डोलीची जाळी होती. आगरी, कोळी, कराडी मंडळींची गावे होती आणि डोंगराच्या पायथ्याशी कातकऱ्यांच्या वाड्या होत्या. मुंबई दाटून गेली, तिला पलीकडच्या तीरावर जागा द्यावी, असा विचार 1964-65 च्या सुमारास चार्ल्स कोरिया, प्रवीणा मेहता आणि शिरीष पटेल यांनी मांडला. मार्च 1970 मध्ये सिडको, म्हणजे शहर आणि औद्योगिक विकास महामंडळ, स्थापन झाले. ठाणे, पनवेल आणि उरण या तालुक्यांतली 95 गावे नव्या शहराच्या आराखड्यात आली. क्षेत्र सुमारे 344 चौरस किलोमीटर.

जमीन गेली, पण मोबदला पटण्यासारखा नव्हता. जासईचे दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली लोक उभे राहिले. 16 आणि 17 जानेवारी 1984 या दोन दिवशी उरण तालुक्यात पोलिसांचा गोळीबार झाला आणि पाच माणसे प्राणाला मुकली. त्या लढ्यातून पुढे 1990 साली साडेबारा टक्क्यांची योजना आली. घेतलेल्या जमिनीच्या साडेबारा टक्के इतकी विकसित जमीन मूळ मालकाला परत द्यायची, असे ठरले. गावकरी एकत्र येऊन बोलले नसते तर हे झाले नसते, ही गोष्ट लक्षात ठेवा. तिच्याकडे आपण पुन्हा येणार आहोत.

आता जरा बारकाईने पाहू. साडेबारा टक्के कोणाला? ज्याचे नाव सातबाऱ्यावर, त्याला. हे रीतीप्रमाणेच झाले. पण त्याच शेतावर लावणीला येणारी मजूरबाई? मिठागरात फळी ओढणारा? खाडीत पाय रोवून निवट्या-चिंबोऱ्या धरणारी कोळीण? खाचराच्या बांधावर राखण करणारा कातकरी? जमीन मालकाची गेली, पण काम यांचेही गेले. सातबाऱ्यावर नाव नसले की आपले नुकसान दाखवणे अवघड होते. जमीन गेल्याचा दाखला निघतो. काम गेल्याचा दाखला कोण काढणार?

तुम्ही म्हणाल, कायद्याला हे कधी सुचलेच नाही काय? सुचले, पण फार उशिरा. भूसंपादनाचा नवा कायदा 2013 साली झाला आणि 1 जानेवारी 2014 पासून अमलात आला. त्यात "बाधित कुटुंब" या शब्दांचा अर्थ रुंदावला. शेतमजूर, कूळ, कारागीर अशी ज्यांची जमीन नाही, पण भूसंपादनाच्या आधी तीन वर्षे जे त्या भागात काम करून पोट भरत होते, त्यांनाही बाधित मानले आहे. अशा कुटुंबांना प्रशिक्षण देऊन नोकरी, किंवा एकदाच 5 लाख रुपये, किंवा 20 वर्षे दरमहा निदान 2,000 रुपये, अशी तरतूद त्या कायद्याच्या परिशिष्टात आहे. चांगले झाले. पण "तीन वर्षे इथे काम करत होतो" हे दाखवायचे कशाने? पुन्हा कागदच. पुन्हा नावच!

कामाचे नाव कागदावर लागू शकते का? लागते. त्याचे उदाहरण नवी मुंबईतच, वाशी-तुर्भ्याच्या घाऊक बाजारात पाहायला मिळते. पाठीवर पोती वाहणारे माथाडी बहुतेक सातारा, सांगली, पुणे या बाजूंचे. पूर्वी मुंबईच्या बाजारात त्यांची गत काय होती? आज या व्यापाऱ्याचा माल, उद्या त्या व्यापाऱ्याचा. कोणीच त्यांचा मालक नाही, म्हणून रजा कोण देणार, म्हातारपणी पैसे कोण देणार? अण्णासाहेब पाटलांनी त्यांची संघटना बांधली, आणि 1969 साली महाराष्ट्राने माथाडी कायदा केला. त्याची युक्ती साधी आहे. कामगार, व्यापारी आणि सरकार यांचे मिळून एक मंडळ करायचे. व्यापाऱ्याने मंडळात नोंद करायची, हमालानेही करायची. मजुरी व्यापाऱ्याने मंडळात भरायची, वर ठरलेली लेव्ही भरायची, आणि मंडळाने ती मजुरी कामगाराला द्यायची. लेव्हीतून भविष्यनिर्वाह निधी, उपदान, रजेचा पगार. ओझे तेच, पाठ तीच. पण नाव लागले, आणि हमालाचा कामगार झाला. पुढे बाजार खाडी ओलांडून वाशी-तुर्भ्याला आले, तेव्हा त्यांच्यामागून ही व्यवस्थाही आली.

यावरून काय शिकायचे? हाताला नीट काम मिळायला तीन गोष्टी लागतात. एक, कसब. दोन, ते कसब कुठे विकावे हे सांगणारा माणूस. तीन, आपल्या हक्काचे बोलण्याची सवय. या तिन्हींत नाव कसे लावायचे ते आता क्रमाने पाहू.

पहिले, कसब. औद्योगिक प्रशिक्षण संस्था, म्हणजे आपली आयटीआय, 1950 च्या कारागीर प्रशिक्षण योजनेपासून चालत आली आहे. बहुतेक व्यवसायांना दहावी लागते, पण काही व्यवसायांना आठवी उत्तीर्णही चालते. "दहावीला बसला नाही, आता काय व्हायचं" म्हणून पोराला नाक्यावर बिगारीला पाठवण्याआधी एकदा जवळच्या संस्थेत जाऊन विचारा. दुसरी वाट शिकाऊ उमेदवारीची. शिकाऊ उमेदवार कायदा 1961 सालचा आहे. ज्या आस्थापनेत 30 किंवा त्याहून अधिक माणसे काम करतात, तिला ठरावीक प्रमाणात शिकाऊ उमेदवार घ्यावेच लागतात. शिकताना विद्यावेतन मिळते, आणि करार नोंदलेला असतो. करार नोंदलेला नसेल, तर ती उमेदवारी नव्हे, स्वस्तातली मजुरी होय.

इथे एक इशारा देतो. शिकवणे म्हणजे निव्वळ वर्ग भरवणे नव्हे. तीन महिने शिवण शिकवली, हार घालून प्रमाणपत्र दिले, आणि गावात आधीच सात यंत्रे बसलेली असतील, तर आठवीला गिऱ्हाईक कोठून यायचे? वर्गाला जाण्यापूर्वी तीन प्रश्न विचारा. प्रमाणपत्र कोणाचे, आणि ते कोठे मानले जाते? मागच्या तुकडीतली मुले-मुली आज कोठे काम करतात? पैसे घेणार असाल तर पावती देणार का? तिसऱ्या प्रश्नाला जो चाचरतो, त्याच्या दारी पुन्हा जाऊ नका. नवा विमानतळ झाला म्हटल्यावर "नोकरी लावून देतो, इतके हजार आणा" म्हणणारे येतीलच. पैसे घेऊन नाव लावतो म्हणणाऱ्याच्या वहीत लागलेले नाव कोठेच चालत नाही.

दुसरे, वाट दाखवणे. प्रत्येक जिल्ह्यात कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्र आहे. पूर्वी लोक त्याला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंज म्हणत. तिथली नोंदणी आता महास्वयं या संकेतस्थळावर होते आणि तिला पैसे पडत नाहीत. बांधकामावर जाणाऱ्या गवंडी, सुतार, बिगारी मंडळींसाठी इमारत व इतर बांधकाम कामगारांचे कल्याणकारी मंडळ आहे. वय 18 ते 60 असेल आणि मागच्या बारा महिन्यांत निदान 90 दिवस बांधकामाचे काम केले असेल, तर तिथे नोंद होते. आता हे 90 दिवस सिद्ध कसे करायचे? समजा, एक बाई कोपरखैरण्याच्या नाक्यावर रोज उभी राहते, आज एका ठेकेदाराकडे, उद्या दुसऱ्याकडे. वर्षाअखेर कोण लिहून देणार? म्हणून एक साधी वही घालावी. तारीख, कामाची जागा, ठेकेदाराचे नाव, मिळालेली मजुरी. स्वतःला लिहिता येत नसेल तर शाळेत जाणाऱ्या मुलीकडून लिहून घ्यावे. ही वही म्हणजे दाखला नव्हे, पण दाखला मागायला जाताना हातात काहीतरी असते, आणि ठेकेदारालाही "आठवत नाही" म्हणणे जड जाते.

अपंग व्यक्तींचे पुष्कळदा असे होते की, घरचेच म्हणतात, "याच्याकडून काय होणार?" वाशीला नवी मुंबई महानगरपालिकेचे दिव्यांगांसाठी शिक्षण, प्रशिक्षण आणि सेवासुविधा केंद्र आहे. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा कायदा 2016 साली झाला. त्यात 21 प्रकारची अपंगत्वे धरली आहेत आणि सरकारी नोकरीत निदान 4 टक्के जागा राखल्या आहेत. पण या सर्वांची पहिली पायरी अपंगत्वाचे प्रमाणपत्र. ते काढलेच नाही, तर कायदा दाराशी येऊन परत जातो.

आता गुरुजी आणि बाई, तुमच्याशी दोन शब्द. तुमच्या शाळेतले जनरल रजिस्टर हा गरिबाचा सातबारा आहे. जन्मतारीख, जात, बापाचे नाव हे सारे पुढे जन्मभर त्यावरूनच चालते. अनुसूचित जमातीच्या दाखल्यासाठी 6 सप्टेंबर 1950 पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा मागतात. कातकरी वाडीतल्या मुलाचा आजा शाळेतच गेला नाही, तर पुरावा कोठून आणावा? अशा वेळी एखाद्या चुलत्याचा जुना दाखला, जुन्या नोंदवहीतली एखादी ओळ उपयोगी पडते. ती ओळ शोधून देणे हे तुमच्याशिवाय कोणाला जमणार? दुसरे असे की, नावाचे स्पेलिंग आणि आडनाव पहिल्या दिवशीच नीट लिहा. एका कागदावर एक, दुसऱ्यावर दुसरे, असे झाले की वीस वर्षांनी तोच मुलगा विमानतळावर कामाला जातो, पोलीस पडताळणी लागते, आणि तिथे गाडी अडते. चूक पहिलीच्या वर्गातली, आणि तिचा भुर्दंड भरायचा तो पोटाने!

तिसरे, बोलणे. साडेबारा टक्क्यांची गोष्ट आठवा. तो भूखंड कोणी दान म्हणून दिला नाही. मतदार यादीत नाव लावणे ही बोलण्याची सुरुवात आहे. 2022 पासून वर्षातून चार तारखा धरतात : 1 जानेवारी, 1 एप्रिल, 1 जुलै, 1 ऑक्टोबर. मूल अठरा वर्षांचे झाले की पुढच्या वर्षाची वाट पाहू नका. खेड्यात ग्रामसभा आहे, तिथे जा. पण नवी मुंबईकडच्या गावांना एक गोष्ट उमगायला फार वेळ लागला. गाव महापालिकेत गेले की ग्रामसभा संपते. कालपर्यंत पारावर उठून प्रश्न विचारणारा माणूस आज कोणाला विचारणार? त्याने मग प्रभागातल्या नगरसेवकाला विचारावे, वॉर्ड ऑफिसात लेखी अर्ज द्यावा, आणि अर्जाची पोच घ्यावी. माहितीचा अधिकार 2005 सालचा आहे. दहा रुपयांच्या अर्जावर साधारणतः 30 दिवसांत उत्तर द्यावे लागते. दाखले वेळेत मिळावेत म्हणून महाराष्ट्रात 2015 साली लोकसेवा हक्क कायदा झाला. दाखल्याची मुदत ठरलेली असते, आणि ती टळली तर वरच्या अधिकाऱ्याकडे अपील करता येते. "उद्या या" ऐकून मुकाट्याने परतणाऱ्याला उद्याही तेच ऐकावे लागते.

काही जण म्हणतील, "कागद रंगवून का कोणाचं पोट भरतं?" खरे आहे, कागदाने भूक भागत नाही. नाव लागले म्हणून काम आपोआप चालत येत नाही, कसब अंगी नसेल तर नोंद नुसती शोभेची. पण उलट बाजूही पाहा. अंगात कसब आहे, घाम गाळला आहे, आणि नाव कोठेच नाही, असा माणूस शहर वाढताना आपल्याच गावात परका होतो. ज्या जमिनीवर त्याने भात लावला, तिथल्याच इमारतीच्या फाटकाशी त्याला "कोण पाहिजे?" असे विचारतात.

म्हणून एक काम सांगतो, फार मोठे नाही. येत्या आठवड्यात आपल्या वाडीतल्या, पाड्यातल्या, नाक्यावरच्या एका माणसाजवळ बसा. लिहिता-वाचता न येणारा असेल तर उत्तमच. त्याला विचारा, "तुझं नाव कुठं कुठं आहे?" मतदार यादी, शिधापत्रिका, जातीचा दाखला, कल्याणकारी मंडळ, रोजगार केंद्र. एकेक मोजा. जिथे नाही, तिथला एक अर्ज त्याच्याबरोबर जाऊन भरा, आणि पोचपावती त्याच्याच हातात द्या, आपल्या खिशात ठेवू नका. पुढच्या खेपेला तो एकटा जाईल. आणि त्याच्या पुढच्या खेपेला तो शेजाऱ्याला बरोबर घेऊन जाईल.