विच हेझल आणि अण्णांची तपकिरी बाटली

गेल्या दिवाळीत भाची न्यू जर्सीहून आली. खाऊ, चॉकलेटं, बदाम सगळं काढून झाल्यावर बॅगेच्या तळातून एक पाण्यासारख्या द्रवाची बाटली निघाली. "मावशी, हे विच हेझल. चेहऱ्याला टोनर म्हणून लाव. तिकडे घरोघरी असतं." मी चष्मा लावून बारीक अक्षरं वाचायला लागले आणि एका शब्दाशी थांबले. हॅमामेलिस!

हे नाव माझ्या ओळखीचं होतं. दांडिया बाजारातल्या आमच्या जुन्या घरी अण्णांच्या फडताळात, दाढीच्या सामानामागे एक छोटी तपकिरी बाटली असायची. होमिओपॅथीच्या दुकानातून आणलेलं मदर टिंक्चर. तिच्यावरही हेच नाव होतं. त्या बाटलीची गोष्ट सांगायचीच आहे, पण आधी हे झाड कुठलं ते पाहू.

हॅमामेलिस व्हर्जिनियाना हे उत्तर अमेरिकेच्या पूर्व भागातल्या जंगलांत वाढणारं झुडूप. आपल्याकडे ते नाही, म्हणून त्याला मराठी नावही नाही. शरद ऋतूत, बाकी झाडांची पानं गळत असताना, हे फुलतं. फुलं पिवळी, पाकळ्या चुरगळलेल्या दोऱ्यांसारख्या. बोंडं वाळली की तडकतात आणि बिया कित्येक फूट लांब उडतात. नावातल्या 'विच'चा चेटकिणीशी संबंध नाही. लवचीक, वाकणारी फांदी अशा अर्थाच्या जुन्या इंग्रजी शब्दावरून ते आलं. आपल्याकडचे पाणाडी दुबेळक्याची काठी धरून विहिरीची जागा सांगतात ना, तशी तिकडची माणसं याच्या फांद्या धरून पाणी शोधत.

तिथले मूळ रहिवासी याच्या साली-फांद्यांचा काढा सुजेवर, मुका मार लागल्यावर लावत. गोऱ्या वसाहतवाल्यांनी हा उपाय त्यांच्याकडून घेतला. १८४६ च्या सुमारास न्यूयॉर्क राज्यातल्या थेरॉन पाँड यांनी याचा अर्क विकायला सुरुवात केली. आपल्या आयांच्या ड्रेसिंग टेबलावरच्या पाँड्स क्रीमचं नाव त्यांचंच. त्या कंपनीची सुरुवात क्रीमपासून नाही, विच हेझलच्या अर्कापासून झाली.

याचा गुण समजून घ्यायला लांब जायला नको, 'तुरट' हा आपला शब्द पुरेसा आहे. कच्चं जांभूळ खाल्लं की जीभ आखडते. ते काम टॅनिन या द्रव्याचं. ते प्रथिनांना चिकटतं आणि वरचा थर आवळून घेतं. विच हेझलच्या सालीत आणि पानांत टॅनिन भरपूर असतं. आयुर्वेदातला कषाय रस हाच. बाळाच्या गुटीतलं मायफळ, हिरडा, गुळण्यांसाठी बाभळीची साल, जुलाबावर डाळिंबाची साल, ही सगळी त्याच गोत्रातली. दाढी करताना कापलं तर फिरवायची तुरटी मात्र वनस्पती नव्हे, क्षार आहे. पण आवळण्याचं काम तीही करते.

आता दोन बाटल्यांतला फरक. भाचीची बाटली स्वच्छ, कारण फांद्या पाण्यात उकळून त्यांची वाफ थंड करून तो अर्क काढतात. वाफेबरोबर टॅनिन फारसं येत नाही. वर टिकण्यासाठी साधारण १४ टक्के अल्कोहोल घालतात. त्यामुळे चेहऱ्याला जी थंडाई आणि ताण जाणवतो, त्यात अल्कोहोलचा वाटा मोठा. अण्णांची बाटली तपकिरी, कारण त्यात साल थेट अल्कोहोलमध्ये मुरवलेली असते.

वापरायचं असेल तर एवढं लक्षात ठेवा. आधी कोपराच्या आतल्या बाजूला थेंबभर लावून एक दिवस थांबा. खाज, लाली आली नाही तर कापसाच्या बोळ्याने लावा. तेलकट त्वचा, डास चावल्याची खाज, दाढीनंतरची जळजळ यांवर बरं वाटतं. बाळंतिणीच्या टाक्यांच्या जागी किंवा मूळव्याधीच्या खाजेवर तिकडे याच्या भिजवलेल्या पट्ट्या ठेवतात, पण आपण डॉक्टरांना विचारूनच. कोरड्या त्वचेवर अल्कोहोलवालं लावू नका, आणखी कोरडी पडेल. डोळ्यांपासून लांब ठेवा. खोल जखमेवर, भाजल्यावर नको. आणि ही टोनरची बाटली पोटात घ्यायची नाही.

आता अण्णांची गोष्ट. अकरा वर्षांपूर्वी, अण्णा ६३ वर्षांचे असताना, त्यांना शौचाला रक्त पडायला लागलं. त्यांनी स्वतःच ठरवलं, मूळव्याध. आजोबांनाही होती. कुणीतरी हॅमामेलिस सांगितलं. अर्ध्या कपात दहा थेंब दोनदा, आणि बाहेरून बोळा. मधेच रक्त थांबायचं, अण्णांना वाटायचं गुण आला. पुन्हा सुरू झालं की नवी बाटली. आईलासुद्धा सांगितलं नाही. असल्या जागेचं दुखणं बायकामुलांशी बोलायचं कसं?

असे आठ महिने गेले. मग ते दोन जिने चढताना मध्येच बसायला लागले. आम्ही म्हटलं, वय झालं. माझ्या धाकट्या भावाने हट्टाने रक्त तपासून घेतलं, तर हिमोग्लोबिन ६.८. दुर्बिणीतून तपासणी झाली. मोठ्या आतड्यात गाठ होती, कॅन्सरची. शस्त्रक्रिया, पोटावर सहा महिने पिशवी, केमोथेरपी, सगळं झालं.

मी सर्जनना विचारलं, त्या औषधाने हे झालं का? ते म्हणाले, "नाही हो. पण आठ महिने आधी आला असतात तर ऑपरेशन लहान झालं असतं, कदाचित केमो लागली नसती." आतड्यातली गाठही थांबून थांबून रक्त टाकते. थेंब घेतले नसते तरी रक्त मधूनमधून थांबलंच असतं.

म्हणून माझं एवढंच सांगणं. डास चावला, पुरळ उठली, कातडी खरचटली, डोळ्यांना दिसतंय, तर घरचं औषध खुशाल करा. शौचाला रक्त, काळा मल, सवयीत झालेला बदल, कारण नसताना उतरलेलं वजन, नवा थकवा, यांतलं काही असेल तर आधी तपासणी, मग औषध. रक्त मूळव्याधीचं असतंही बऱ्याचदा, पण ते डॉक्टरांनी बघून सांगायचं. तरुण आहोत म्हणून सोडून द्यायचं नाही. आणि घरातले वडीलधारे स्वतःहून बोलणार नाहीत, तेव्हा तुम्हीच विचारा. फडताळात काय ठेवलंय तेही बघा.

अण्णा आता ७४ वर्षांचे आहेत, सकाळी कमाटी बागेत एक फेरी मारतात. भाचीची बाटली त्यांनी हुंगून बघितली आणि मला परत दिली. "लाव तू चेहऱ्याला," म्हणाले. हा लेख लिहू का, असं विचारलं तर म्हणाले, "नाव घालू नकोस. बाकी सगळं लिही."