चर्चच्या दारात पोकेमॉन
जुलै २०१६ मध्ये ‘पोकेमॉन गो’ हा फोनवरचा खेळ आला आणि इंग्लंडमधली कितीतरी जुनी चर्चेस ‘पोकेस्टॉप’, म्हणजे खेळाडूंनी जायची ठिकाणं, बनली. खेळ बनवणाऱ्या नायँटिक कंपनीच्या आधीच्या ‘इन्ग्रेस’ खेळातली ठिकाणंच इथे वापरली होती आणि त्यांत जुन्या वास्तू भरपूर. चर्च ऑफ इंग्लंडने स्थानिक चर्चेसना सुचवलं, की बाहेर स्वागताचा फलक लावा, चहापाणी द्या, फोन चार्ज करू द्या, येणाऱ्यांशी बोला. मला हे फार आवडतं!

काही ख्रिस्ती पालक या खेळातल्या विचित्र प्राण्यांवर, त्यांच्या ‘इव्हॉल्व्ह’ (उत्क्रांत) होण्यावर अडतात. माझ्या मते खरी कसोटी करिंथकरांस पहिल्या पत्रात (६:१२) आहे: मोकळीक असली तरी कशाच्याही ताब्यात जायचं नाही. म्हणून आधी बघा रोजची बक्षिसं, न मोडायची ‘स्ट्रीक’ (सलग दिवसांची साखळी) आणि खेळातली खरेदी. मुलांच्या फोनवर खरेदीला पासवर्ड लावून ठेवा.