‘क्रिमझन’मधला किडा

इंग्रजीच्या धड्यात ‘क्रिमझन’ हा शब्द आला की आपण फळ्यावर ‘गडद लाल’ असे लिहितो आणि पुढे जातो. कोशातला ‘किरमिजी’ हा प्रतिशब्द मुलांना अवघड जाईल म्हणून गाळतो. खरे तर तोच लिहायला हवा, कारण हे दोन शब्द भाऊभाऊ आहेत.

संस्कृतात ‘कृमि’, फारसीत ‘किर्म’. दोन्हींचे कूळ एक आणि अर्थही एकच, किडा. अरबीतला ‘किर्मिझ’ म्हणजे लाल रंग देणारा किडा. हा शब्द भूमध्य समुद्राकाठच्या भाषांमधून फिरत पंधराव्या शतकात इंग्रजीत पोहोचला आणि ‘क्रिमझन’ झाला. आपल्याकडे तो फारसीबरोबर आला आणि ‘किरमिजी’ झाला.

आता किड्याकडे वळू. भूमध्य समुद्राच्या परिसरात काटेरी पानांचा, झुडपासारखा एक ओक वाढतो. त्याच्या फांद्यांवर राहणारा हा खवले कीटक आपल्या लाखेच्या किड्याचा नातलग आहे. मादी एके जागी चिकटून बसते आणि वाटाण्यासारखी गोल फुगते. ती किडा वाटतच नाही. रोमन लोक तिला ‘ग्रॅनम’ म्हणजे दाणा म्हणत. तिच्या रंगाचे कापड विटत नसे, म्हणून पक्क्या रंगाला इंग्रजीत ‘ग्रेन’मधला रंग म्हणू लागले. हाडीमासी खिळलेल्या सवयीला ‘इन्ग्रेन्ड’ म्हणतात ते यावरूनच. निरीक्षणातली एक चूक भाषेत अशी कायमची राहून गेली!

१५२१ मध्ये स्पॅनिश लोकांनी मेक्सिकोतील आझ्टेक राज्य जिंकले. तेथे निवडुंगावर पोसलेला कोचिनिल किडा त्यांच्या हाती लागला. तेवढ्याच वजनात तो कितीतरी जास्त रंग देई. एक पौंड सुक्या मालाला सुमारे ७०,००० किडे लागत, तरीही किर्मिझ मागे पडला. ‘क्रिमझन’ हे नाव मात्र नव्या किड्याच्या रंगालाही चिकटले. स्पेनची ही मक्तेदारी मोडावी म्हणून १७९५ मध्ये इंग्रजांनी कोचिनिल भारतात आणला, पण आली ती त्याची हलकी भावंडजात. रंग बेताचाच निघाला, निवडुंगाचा मात्र फडशा पडला. पुढे दक्षिण भारतात निवडुंग हटवण्यासाठी तोच किडा मुद्दाम सोडण्यात आला.

आता थोडे वापराविषयी. कोचिनिलच्या रंगात तुरटी घातली की निळसर झाक असलेला लाल मिळतो, तो ‘क्रिमझन’. कथिलाचे क्षार घातले की केशरी झाकेचा भडक लाल मिळतो, तो ‘स्कार्लेट’. म्हणून टोमॅटोला ‘क्रिमझन’ म्हटले तर इंग्रजी कानाला खटकते. रक्त, गर्द गुलाब, मावळतीचे आकाश यांना तो शब्द शोभतो. लाजेने लाल होणे या अर्थी तो क्रियापद म्हणूनही चालतो.

अकरावी-बारावीच्या प्रयोगशाळेत कांद्याच्या मुळाच्या टोकातील गुणसूत्रे पाहण्यासाठी आपण अ‍ॅसिटोकार्मिन वापरतो. त्यातले ‘कार्मिन’ कोचिनिलपासूनच काढतात आणि त्या नावाच्या मुळाशीही ‘किर्मिझ’च आहे. पुढच्या प्रात्यक्षिकाला ती बाटली इंग्रजीच्या तासालाही न्यावी.