दुर्गंधीचा धनी कोण?

आपल्या घरांतील केराची टोपली रोज सकाळीं रिकामी होते आणि तिचा विचारही तेथेंच संपतो. परंतु तो केर कोठें तरी जातोच. मुंबईच्या बहुतेक केराचें शेवटचें ठिकाण म्हणजे ठाण्याच्या खाडीकांठचें कांजूरमार्ग. तेथील काम महापालिकेनें दीर्घ मुदतीच्या करारानें अँटनी लारा या खाजगी कंपनीस दिलें आहे. केर बंद कप्प्यांत कुजवावा व त्यांतील वायु धरून वीज करावी, अशी योजना आहे. योजना वाईट नव्हे. परंतु कंपनीचा मोबदला टनावारी असल्यानें केराचें वजन होतें. दुर्गंधीस वजन नसतें. विक्रोळी-भांडुपच्या गृहिणीनें खिडक्या मिटून घेतल्या, तर दाद कोणाकडे मागावी? केर पालिकेचा, काम कंपनीचें. या वांटणींत जबाबदारी कोणाच्याच पदरीं पडत नाहीं.

ही जागा २००९ सालीं संरक्षित वनांतून वगळण्यांत आली होती. मुंबई उच्च न्यायालयानें मे २०२५ मध्यें तें वगळणें रद्द करून ११९.९१ हेक्टर भूमि पुनः संरक्षित वन ठरविली; ऑगस्टांत सर्वोच्च न्यायालयानें त्या निर्णयास स्थगिती दिली. म्हणजे दादही वर्षानुवर्षें चालते, आणि श्वास तर रोजच घ्यावा लागतो.

एकत्र कुटुंबांत कोठीचा हिशेब कर्त्यास सर्वांपुढें मांडावा लागतो. मग केर किती आला, हवेचें मापन काय निघालें, करारभंगाबद्दल दंड किती झाला, हें दरमहा नागरिकांपुढें कां मांडूं नये? ओला व सुका केर घरींच निराळा करणें हें आपलें कर्तव्य. तें करून हा हिशेब मागणें, हा आपला हक्क होय.