चिखलातील अरण्य

दलदल या शब्दाला आपल्याकडे फारसा मान नाही. चिखल, दुर्गंधी आणि डास यांखेरीज तेथे काय असणार, अशी आपली समजूत. म्हणूनच शहर वाढू लागले की पहिला भराव अशा जागेवर पडतो. गोव्यात चोडण बेटाच्या पश्चिम टोकाला मात्र अशीच एक दलदल १९८८ पासून पक्षी-अभयारण्य म्हणून राखलेली आहे. पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचे नाव तिला दिले आहे. क्षेत्र अवघे १.७८ चौरस किलोमीटर. पण पाहण्याजोगे पुष्कळ.

रायबंदरहून फेरीबोटीने मांडवी ओलांडली की अभयारण्य जवळच लागते. निघण्यापूर्वी ओहोटीची वेळ पाहून घ्यावी. ती रोज सुमारे पन्नास मिनिटांनी पुढे सरकते. पाणी ओसरून चिखल उघडा पडला म्हणजेच पक्ष्यांची पंगत बसते, आणि हिवाळ्यात तीत उत्तरेकडून आलेले पाहुणेही असतात.

कांदळवनातील पायवाटेने चालताना प्रथम नजरेत भरतात ती मुळे. चिखलाच्या कणांत पाणी गच्च भरलेले असल्यामुळे हवेला वाव नसतो. प्राणवायूविना जगणारे सूक्ष्म जीव तेथे पाने कुजवितात. नाकाला झोंबणारा वास त्यांच्याच कामाचा. मग झाडाने श्वास घ्यावा कसा? तिवराची मुळे पेन्सिलीसारखी जमिनीतून वर येतात व ओहोटीच्या वेळी हवा घेतात. कांदळ कमानीसारख्या मुळांवर उभा राहतो. त्याचे बी झाडावरच रुजते आणि लांब हिरव्या कोंबासह खाली पडते. चिखलात रुतले तर तेथेच वाढते, नाहीतर पाण्याबरोबर दुसरा किनारा गाठते.

या मुळांच्या आडोशाला मासे व कोळंबीची पिल्ले वाढतात. निवट्या पाण्याबाहेर येऊन चिखलावर उड्या मारतात. एकच नांगी मोठी असलेले खेकडे बिळाच्या तोंडाशी ती हलवीत असतात. त्यांच्यामागून बगळे, खंड्या, घारी येतात. नशीब असेल तर पाणमांजरही दिसते.

परंतु श्रोतेहो, या वनाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गोव्याच्या पूर्वजांनी नदीकाठी बांध घालून खाजण शेते उभी केली. मानशीची दारे भरतीच्या दाबाने मिटतात व ओहोटीला उघडतात. त्यामुळे खारे पाणी बाहेर राहून आत भात पिकते. बांध फुटला व दुरुस्त झाला नाही, तर त्याच शेतात कांदळवन पसरते. शहरातल्या पाहुण्याला जे अरण्य वाटते, ते कित्येक शेतकऱ्यांना गेलेल्या शेताची खूण वाटते. त्याच्या दुःखाला उत्तर कुऱ्हाड नव्हे. आहेत ते बांध वेळेवर राखणे, हे आहे. नदीकडचे वन लाटांचा मारा सोसून बांधाचेच रक्षण करते. शेत आणि वन हे येथे शेजारी आहेत, वैरी नव्हेत.

म्हणून या वाटेवर हळू चालावे, बोलणे कमी करावे. मोह झाला तरी पायवाट सोडून चिखलात उतरू नये. आपल्या पायाखाली झाडाचा श्वास असतो. मुलांना सोबत न्यावे आणि नाक दाबण्याआधी त्यांना तो वास कोठून येतो ते सांगावे.