दूषित भूमीची चिकित्सा

मनुष्यास ज्वर आला म्हणजे घरांतील वडील माणसें वैद्यास बोलावितात; परंतु भूमीस रोग जडला, तर तिच्यासाठीं वैद्य बोलावण्याची चाल आपल्यांत अद्यापि पडलेली नाहीं. वसुंधरा ही सर्वंसहा आहे, तिच्या पोटांत वाटेल तें घातलें तरी जिरून जाईल, अशी आपली जुनी समजूत आहे. शेण, पालापाचोळा, उष्टें-खरकटें यांच्यापुरती ती समजूत खरीही आहे. परंतु पारा, शिसें, सोमल, क्रोमियम हीं द्रव्यें भूमींत जिरत नाहींत. तीं तेथेंच राहतात, आणि पावसाच्या पाण्याबरोबर हळूहळू विहिरीची वाट धरतात. अशा भूमीचें काय करावें, हा प्रश्न उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूर या पट्ट्यांतील गृहस्थांच्या उंबरठ्याशीं येऊन ठेपला आहे. म्हणून त्याचा विचार या लेखांत करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

अंबरनाथचें प्रसिद्ध शिवालय शके ९८२ मधील. तें वालधुनी नदीच्या कांठीं उभें आहे. याच गांवीं, १९१९ सालीं स्थापन झालेल्या धरमसी मोरारजी केमिकल कंपनीनें गंधकाम्ल व सुपरफॉस्फेट खत यांचा कारखाना काढला. विम्कोच्या आगपेट्याही येथेंच तयार होत. फाळणीनंतर कल्याणजवळच्या लष्करी छावणींत सिंधी निर्वासित येऊन राहिले, व ८ ऑगस्ट १९४९ रोजीं त्या वसाहतीस उल्हासनगर हें नांव मिळालें. पुढें औद्योगिक विकास महामंडळाच्या वसाहती झाल्या आणि रंग, औषधें व रसायनें यांचे कारखाने दाटीनें उभे राहिले. हीं नांवें आम्हीं कोणास दोष देण्यासाठीं घेतलेलीं नाहींत. या भूमीवर रसायनांचा उद्योग शंभर वर्षें चालत आला आहे, एवढेंच दाखविण्यासाठीं घेतलीं आहेत. आतां कित्येक जुने कारखाने बंद पडले, कांहीं दुसरीकडे गेले. मुंबईंत जागा परवडत नाहीं म्हणून मध्यम स्थितींतील कुटुंबें बदलापुरापर्यंत येऊन घरें घेत आहेत, आणि जेथें काल धुराडें होतें तेथें आज इमला उठत आहे.

नदी दूषित झाली तर डोळ्यांना दिसतें व नाकाला कळतें. २०१४ सालच्या नोव्हेंबर महिन्याच्या अखेरीस वालधुनींत टँकरमधून रसायन ओतलें गेलें, तेव्हां उल्हासनगरांतील शेंकडों माणसांना श्वास घेणें कठीण होऊन रुग्णालयांत न्यावें लागलें. उल्हास व वालधुनी या नद्यांच्या दुर्दशेविरुद्ध ‘वनशक्ती’ या संस्थेनें राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाकडे दाद मागितली, व २०१५ सालीं न्यायाधिकरणानें जबाबदार संस्थांस मोठा दंड ठोठावला. परंतु जमिनीचें तसें नाहीं. तिच्यावर वीतभर तांबडी माती पसरली, हिरवळ लावली, कीं ती सोज्वळ दिसूं लागते. म्हणूनच तिच्याविषयीं अधिक सावध असलें पाहिजे.

आयुर्वेदांत चिकित्सेपूर्वीं निदान सांगितलें आहे. येथेंही तोच क्रम योग्य होय. प्रथम कारखान्याचे जुने नकाशे मिळवावे लागतात. टाक्या कोठें होत्या, सांडपाण्याचा पाट कोठून जात असे, राख व गाळ कोठें टाकीत, हें कळल्यावर त्या त्या ठिकाणीं निरनिराळ्या खोलीवरील मातीचे नमुने काढतात, व जवळच्या कूपनलिकांचें पाणी तपासतात. या तपासणींत तीन गोष्टींचा शोध घ्यावयाचा असतो : विष कोणतें, तें कोणत्या वाटेनें जातें, आणि त्या वाटेच्या शेवटीं कोण राहतें. विष, वाट आणि जीव या तिहींपैकीं एक कडी तुटली तरी अपाय टळतो. पुढील सर्व उपायांचें मर्म या एका वाक्यांत आहे.

आपल्या भागांत वाट ओळखणें विशेष कठीण. वर थोडी माती, तिच्याखालीं मुरूम, आणि त्याखालीं काळा पाषाण. हा पाषाण अभेद्य वाटतो, पण त्यांत भेगा असतात. पाणी त्या भेगांतून जातें, आणि कोठें निघेल याचा सहसा अंदाज लागत नाहीं. शिवाय शंभर इंचांच्या घरांतला पाऊस ! जुलै २००५ मध्यें आणि पुन्हां जुलै २०१९ मध्यें उल्हास नदीला केवढा पूर आला तें अनेकांस स्मरत असेल. दुसऱ्या खेपेस बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पाण्यांत अडकून पडली होती. जेथें आगगाडी अडते, तेथें उघड्यावर पडलेल्या विषारी मातीचें काय होईल, हें सांगावयास नको.

निदान झालें म्हणजे उपाय. वैद्यकांत शोधन व शमन असे दोन मार्ग आहेत : दोष शरीराबाहेर काढणें तें शोधन, आणि न काढतां जागच्या जागीं शांत करणें तें शमन. भूमीचे उपायही याच दोन वर्गांत बसतात.

शोधनांतील पहिला उपाय सर्वांस सुचणारा : दूषित माती खणून दुसरीकडे न्यावी. हा लवकर होतो व डोळ्यांस समाधान देतो. परंतु हिशेब करून पाहावा. एक एकर जमीन केवळ एक मीटर खणली तरी सुमारे साडेसहा हजार टन माती निघते. सोळा टनांचा एक ट्रक धरला तर चारशेंवर खेपा झाल्या. ही माती रस्त्यानें, वस्तींतून, धूळ उडवीत जाणार, आणि शेवटीं तळोजासारख्या घातक कचऱ्याच्या ठिकाणीं आपल्या शेजाऱ्याच्या दारांतच पुरली जाणार. भोपाळच्या युनियन कार्बाइड कारखान्यांतील ३३७ टन विषारी कचरा २०२५ च्या जानेवारींत पिथमपूर येथें नेला, तेव्हां तेथील लोकांनीं केवढा विरोध केला ! तो कचरा त्याच वर्षींच्या जूनअखेर जाळून झाला. परंतु राष्ट्रीय पर्यावरण अभियांत्रिकी संस्था, म्हणजे आपल्या नागपूरची ‘नीरी’, हिच्या अंदाजाप्रमाणें भोपाळला दूषित माती सुमारें ११ लाख टन आहे, तिचा प्रश्न तसाच उभा आहे. एवढी माती कोठें व कोणाच्या गांवीं नेणार ?

दुसरा उपाय उष्णतेचा. माती तापविली म्हणजे तेलें, द्रावकें व पारा यांची वाफ होते; ती धरून थंड करतां येते. परंतु शिसें, क्रोमियम यांस अग्नि नष्ट करूं शकत नाहीं. तीं राखेंत शिल्लक राहतात. तिसरा उपाय मातीचें प्रक्षालन. विष बहुधा बारीक कणांस चिकटलेलें असतें. म्हणून माती धुऊन जाड वाळू वेगळी काढली, कीं उपचार करावयाचा ढीग पुष्कळ लहान होतो. कोडाईकॅनाल येथील तापमापकांचा कारखाना २००१ सालीं बंद झाला. तेथील पारामिश्रित मातीसाठीं प्रक्षालन व उष्णता या दोहोंची योजना ठरली. परंतु एक किलोग्रॅम मातींत २० मिलिग्रॅम पारा उरला तर चालेल कीं नाहीं, यावर वर्षानुवर्षें वाद झाला. तात्पर्य, उपाय कोणता याइतकाच ‘स्वच्छ’ म्हणजे किती स्वच्छ, हाही प्रश्न महत्त्वाचा आहे.

शमनाचे मार्ग स्वस्त असतात. मातींत सिमेंट किंवा चुना मिसळून विष जखडून टाकावें, अथवा वर चिकणमातीचा व जाड प्लॅस्टिकचा थर घालून तिला पाण्यापासून तोडावें. पण ‘सब घोडे बारा टक्के’ हा न्याय येथें लागू नाहीं. चुन्यानें शिसें बांधलें जातें; उलट क्रोमियमचा जो अतिविषारी प्रकार आहे, तो चुनखट जमिनींत अधिकच मोकळा होतो. त्यास आपला जुना हिराकस चालतो. तो त्या प्रकाराचें रूपांतर सौम्य व स्थिर प्रकारांत करतो. एकाचें औषध तें दुसऱ्याचें कुपथ्य !

आच्छादनाची दुसरी अडचण म्हणजे स्मृति. अमेरिकेंत नायगरा फॉल्स शहरीं ‘लव्ह कॅनॉल’ नांवाच्या चरांत सुमारें २१ हजार टन रसायनें पुरून तो बुजविण्यांत आला, व १९५३ सालीं ती जमीन एका डॉलरला तेथील शाळामंडळास देण्यांत आली. वर शाळा झाली, भोंवतीं घरें झालीं. पंचवीस वर्षांनीं, १९७८ सालीं, तळघरांतून विष पाझरूं लागल्यावर तेथून कुटुंबें हालवावीं लागलीं. ती जागा आज चिकणमातीनें झांकलेली आहे. पण खालचें पाणी उपसून शुद्ध करण्याचें काम व पहारा कायमचा मागें लागला आहे. ज्या उपायास पिढ्यान् पिढ्यांची राखण लागते, तो उपाय राखणदार कोण हें ठरविल्यावांचून पत्करूं नये.

शमन व शोधन यांच्या मधला मार्ग वनस्पती व जंतू यांचा. तेलकट पदार्थ कांहीं जंतू खाऊन टाकतात. मोहरी जड धातु शोषून घेते. आणि एका जातीचा नेचा सोमल आपल्या पानांत सांठवितो, असें २००१ सालीं फ्लोरिडांतील शास्त्रज्ञांनीं प्रसिद्ध केलें. हा मार्ग सौम्य व स्वस्त आहे. परंतु त्यास वर्षें लागतात, मुळें जातील तेवढ्याच खोलीवर तो चालतो, आणि ती मोहरी फोडणींत पडणार नाहीं अशी दक्षता घ्यावी लागते.

मग निवड कशी करावी ? आमच्या मतें एकच उपाय सर्व जागेवर लादूं नये. जेथें विष दाट आहे, तेवढाच भाग खणून काढावा व त्याच्यावर योग्य उपचार करावा. जेथें विरळ आहे, तेथें जखडावें किंवा झांकावें. आणि कडेच्या सौम्य भागांत वनस्पतींस काम द्यावें. खणणें दसऱ्यानंतर सुरू करून मृगापूर्वीं संपवावें. पावसाळ्यांत जमीन उघडी ठेवणें म्हणजे विषाला स्वतः होऊन वाट करून देणें. जमिनीचा उपयोगही पाहावा : गोदामास पुरेल तेवढी शुद्धि बालोद्यानास पुरत नाहीं, कारण लहान मूल मातींत खेळतें व तोच हात तोंडांत घालतें. आणि जुनी गळती, जुना पाट चालू असतां वरची माती शुद्ध करणें म्हणजे आग रामेश्वरीं आणि बंब सोमेश्वरीं !

सुदैवानें २०२५ च्या जुलैंत केंद्र सरकारनें दूषित स्थळांच्या व्यवस्थापनाचे नियम प्रसिद्ध केले आहेत. त्यांप्रमाणें जिल्हा प्रशासनानें दर सहा महिन्यांनीं संशयित स्थळांची यादी द्यावयाची, त्यांची प्रथम प्राथमिक व मग सविस्तर तपासणी व्हावयाची, आणि शुद्धीचा खर्च ज्यानें भूमि बिघडविली त्याच्याकडून घ्यावयाचा. नियम चांगले आहेत. परंतु यादींत नांव येण्यास कोणीतरी तक्रारीचा अर्ज लिहिला तर मदत होते, आणि तें काम सुशिक्षित गृहस्थाचें आहे.

घर ही एकत्र कुटुंबाची बहुधा आयुष्यांतली सर्वांत मोठी खरेदी. तींत आजोबांची पुंजी असते, मुलाचें कर्ज असतें, आणि नातवंडांचें बालपण असतें. आपण सातबारा पाहतों, मुहूर्त पाहतों, वास्तुशांति करतों. त्यांच्या जोडीस तीन प्रश्न विचारावे. येथें पूर्वीं काय होतें ? मातीची व कूपनलिकेच्या पाण्याची तपासणी झाली काय ? झाली असल्यास तिचें लेखी वृत्त दाखवाल काय ? उत्तर देण्यास जो टाळाटाळ करील, त्याच्याशीं व्यवहार करण्याची घाई करूं नये. जे आधींच तेथें राहतात, त्यांनीं भाजी व तुळस बाहेरून आणलेल्या स्वच्छ मातीच्या उंच वाफ्यांत लावावी, आणि कूपनलिकेचें पाणी तपासल्यावांचून पिण्यास घेऊं नये; उकळण्यानें जंतू मरतात, धातु जात नाहींत. बाहेरून आल्यावर पादत्राणें दाराबाहेर काढून हातपाय धुण्याची आपली रीत तर या बाबतींत उत्तम आहे, कारण विषारी धूळ घरांत पायांनींही येते. घरांतील स्त्रियांनीं ती मुलांकडून कसोशीनें पाळून घ्यावी.

पूर्वजांनीं सकाळीं भूमीवर पाय ठेवण्यापूर्वीं तिची क्षमा मागण्याचा प्रघात घातला. ती क्षमा तिला पाय लागतो म्हणून मागावयाची. आपल्या पिढीनें तिच्या पोटांत विष घातलें आहे. त्याचें क्षालन नुसत्या नमस्कारानें होणार नाहीं. त्यास निदान, द्रव्य आणि धीर हीं तिन्ही लागतील. नातवंडांच्या हातीं घराची किल्ली देतांना घराखालची जमीनही निर्दोष करून द्यावी, हें आपलें कर्तव्य आहे, असें आम्हांस वाटतें.